मोठ्या सफाईनंतर मासे एका रात्रीत का मेले, आणि आता काय करावे

तुम्ही दिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. सुमारे 100 लिटरची गोड्या पाण्याची टाकी दीड वर्ष विनातक्रार चालू होती आणि महिन्यातून एखादी बादली पाणी बदलले जात होते. गेल्या सुटीच्या दिवशी तुम्ही टाकीची संपूर्ण सफाई केली. तीन-चतुर्थांश पाणी काढून नळाचे पाणी भरले, तळाची खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून स्वच्छ केला आणि क्लोरीननाशकाचे थेंब नेहमीच्याच मापाने टाकले. संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. सकाळपर्यंत आठही निऑन टेट्रा आणि दोन्ही एंजल मेले, तर दोन गुरामी आणि तीन कॉरी वाचले. झाडांच्या मागे अडकलेला एक टेट्रा दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा त्याच्यावर कापसासारखे पांढरे तंतू होते, म्हणून कोणीतरी बुरशीचे औषध टाकायला सांगितले. पाणी आरशासारखे स्वच्छ असताना हे कसे घडले आणि औषध टाकावे का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. औषध टाकू नका. मेलेल्या माशावर पाण्यातली बुरशी एका दिवसात चढते. ती मृत्यूनंतर आलेली असते, मृत्यूचे कारण नसते. बुरशीवरची आणि जिवाणूंवरची अनेक औषधे फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. मिथिलीन ब्लू त्यांपैकीच एक आहे, आणि फॉर्मेलिन असलेली औषधे पाण्यातला ऑक्सिजनही कमी करतात. ज्या टाकीत मासे श्वासासाठी झगडत होते, तिथे असे औषध टाकणे म्हणजे उरलेल्या पाच जिवांवर दुसरे संकट ओढवून घेणे आहे.

त्याऐवजी आज तीन गोष्टी करा. एअर पंप चालू करून बुडबुडे सतत येत राहतील असे पाहा, आणि फिल्टरच्या पाण्याची धार पृष्ठभाग ढवळेल अशी वळवा. पुढचे दोन दिवस खाणे पूर्ण बंद ठेवा. निरोगी मोठा मासा उपाशी राहिल्याने दोन दिवसांत काहीही बिघडत नाही, उलट खाल्लेला प्रत्येक दाणा अमोनियात भर घालतो. आणि क्लोरीननाशकाची एक पूर्ण मात्रा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकीच्या संपूर्ण 100 लिटरसाठी मोजून टाका. एरवी तुम्ही एका बादलीपुरते थेंब टाकत होता आणि या वेळी 75 लिटर नवीन पाण्यालाही तेवढेच थेंब पडले. घटनेचा तो एक ठळक धागा आहे, पण एकमेव नाही.

मासे अचानक मेले की आपण लगेच ‘कोणता रोग’ असे विचारतो. माझ्या अनुभवात त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: कोण मेले, कोण वाचले, किती वेळात मेले आणि त्याआधीच्या दोन दिवसांत टाकीत काय बदलले. रोग सहसा एकेक करून नेतो. आज एक, परवा दोन, मध्ये चार दिवस शांतता, असा त्याचा क्रम असतो, आणि मासे मरण्याआधी खाणे सोडतात, अंग घासतात, पर मिटून कोपऱ्यात बसतात. वेगवेगळ्या जातींचे दहा निरोगी मासे एका रात्रीत मेले, तर कारण बहुतेक वेळा पाण्यात असते.

तुमच्या हकिकतीत सर्वांत बोलका तपशील वाचलेल्यांचा आहे. गुरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घडीदार श्वसनेंद्रिय असते आणि ते थेट हवेतून ऑक्सिजन घेऊ शकतात. कॉरी पृष्ठभागावर झेप घेऊन हवा गिळतात आणि आतड्याच्या मागच्या भागातून ती शोषतात. टेट्रा आणि एंजल यांना ही सोय नाही. त्यांचा सगळा भरवसा कल्ल्यांवर. म्हणजे तुमच्या टाकीत जे हवेवर जगू शकत होते ते वाचले आणि जे फक्त पाण्यातून श्वास घेत होते ते गेले. यावरून एवढे म्हणता येते की मृत्यू बहुधा श्वास अडल्यामुळे झाला. पाण्यात ऑक्सिजनच कमी होता, की ऑक्सिजन असूनही कल्ले तो घेऊ शकत नव्हते, हे मात्र केवळ यावरून ठरत नाही. त्यासाठी त्या दिवशी काय काय एकत्र घडले ते पाहावे लागते.

पहिले कारण क्लोरीन. नळाच्या पाण्यातले जंतू मारण्यासाठी ठेवलेला क्लोरीन माणसाला बाधत नाही, पण लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांश भागाइतका अल्प क्लोरीनही माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. कल्ल्यांची त्वचा जळते, तिच्यावर चिकट स्राव जमतो आणि मासा भरपूर हवा असलेल्या पाण्यातही गुदमरतो. साधा क्लोरीन पाणी उघडे ठेवून, शक्य तर हवा सोडून, दिवसभरात उडून जातो. जिथे पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, वापरले जाते तिथे मात्र नुसते ठेवून भागत नाही, आणि साध्या क्लोरीननाशकातले थायोसल्फेट ते तोडते तेव्हा त्यातला अमोनिया मोकळा होतो. अशा ठिकाणी अमोनियाही बांधून ठेवणारे क्लोरीननाशक लागते. तुमच्याकडे कोणते मिसळतात हे पाणीपुरवठा विभागाला विचारून घ्या.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि दीड-दोन वर्षे ‘काही न करता छान चाललेल्या’ टाक्यांमध्ये ते वारंवार दिसत असल्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहितो. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. स्पंजवर आणि खडीवर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल तयार होते आणि पाण्यातले कार्बोनेट क्षार ते शोषून घेतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे रूपांतर होताना सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल शोषण्याची ही ताकद, खर्ची पडते. नियमित पाणी बदलले की ही क्षारता परत मिळते. महिन्याला एका बादलीने ती पुरत नाही. मग एके दिवशी साठा संपतो आणि पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, उतरू लागतो. तो साडेसहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबते. आता अमोनिया साठू लागतो, तरीही मासे मरत नाहीत.

ते का मरत नाहीत, हे समजले की तुमची रात्र उलगडते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातला मुक्त अमोनिया अत्यंत विषारी, तर अमोनियम हे रूप पुष्कळच सौम्य. कोणते रूप किती, हे मुख्यतः सामू ठरवतो. 25 अंश तापमानाला सामू 6 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम 0.06 टक्के मुक्त असतो. 7 ला सुमारे 0.6 टक्के आणि 8 ला पाच टक्क्यांहून अधिक. म्हणजे आम्लधर्मी जुन्या पाण्यात मासे साठलेल्या अमोनियासह तग धरून असतात. अशा टाकीत 8 च्या जवळ सामू असलेले तीन-चतुर्थांश नवे पाणी ओतले, तर एकूण अमोनिया चौथ्या हिश्श्यावर येतो, पण त्यातला विषारी हिस्सा सुमारे नव्वदपट होतो. बेरीज-वजाबाकी करता माशांना आधीच्या वीसपटींहून अधिक मुक्त अमोनिया सोसावा लागतो. शिवाय सामू आणि विरघळलेले क्षार तासाभरात बदलल्याचा धक्का वेगळा. म्हणून ‘स्वच्छ पाण्याने मासे मारले’ असे जे वाटते ते वाटणे चुकीचे नाही. पाणी स्वच्छच होते, बदल मात्र फार मोठा आणि फार झटपट झाला.

हे तुमच्या टाकीत घडले की नाही, हे आजही बऱ्याच अंशी तपासता येते. थेंबांच्या टेस्ट किटने टाकीतला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू आणि कार्बोनेट क्षारता मोजा. नळाच्या पाण्याचेही हेच मोजा. फक्त त्याचा सामू नळातून काढल्याबरोबर एकदा आणि ते पाणी दिवसभर उघडे ठेवून पुन्हा एकदा मोजा, कारण नळातून येणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि तो निघून गेल्यावर सामू बराच चढू शकतो. नायट्रेटच्या चाचणीतली दुसरी बाटली जोरजोरात अर्धा मिनिट हलवूनच वापरा, अन्यथा तळाशी बसलेली भुकटी नळीत उतरत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. आता टाकीत जुन्या पाण्याचा चौथा हिस्सा आहे. नळाच्या पाण्यात नायट्रेट नगण्य असेल आणि टाकीत आज लिटरमागे 40 मिलिग्रॅम आले, तर सफाईपूर्वी ते 160 च्या आसपास होते. नायट्रेट इतके चढलेले असेल तर क्षारता संपलेली असण्याची आणि सामू खाली गेलेला असण्याची शक्यता मोठी. नायट्रेट आज 10 च आले तर मात्र हा तर्क कमजोर पडतो आणि क्लोरीनकडे बोट अधिक ठामपणे दाखवता येते.

तिसरी गोष्ट त्या रात्रीपेक्षा पुढच्या तीन आठवड्यांसाठी महत्त्वाची आहे. उपयुक्त जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांना चिकटून असतात. तुम्ही एकाच दिवशी खडीही धुतली आणि स्पंजही क्लोरीनच्या पाण्यात पिळला, त्यामुळे त्यांच्या दोन्ही मोठ्या वसाहती एकदम उद्ध्वस्त झाल्या असाव्यात. हे जिवाणू सावकाश वाढतात. इतर अनेक जिवाणूंची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकते, यांना त्यासाठी अनेक तास ते एक दिवस लागतो. तेव्हा तुमची टाकी आज नव्या टाकीसारखी कच्ची आहे असे धरून चाला. आधी अमोनिया वाढेल, तो उतरू लागेल तेव्हा नायट्राइट वाढेल. वाचलेले मासे बरे दिसत आहेत म्हणून दुसऱ्या आठवड्यात निष्काळजीपणा झाला, तर नायट्राइट त्यांना गाठू शकते, आणि त्या वेळी गुरामीची हवेत श्वास घेण्याची सोयही पुरेशी पडणार नाही. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्यास निकामी करते आणि रक्त व कल्ले तपकिरी दिसू लागतात.

यावर उपाय साधा आहे, नेटाने करायचा आहे. पुढचे तीन-चार आठवडे रोज, निदान एक दिवसाआड, अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्हींपैकी काहीही लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमच्या वर दिसले की त्याच दिवशी 25 ते 30 टक्के पाणी बदला. आता टाकीत बहुतांश नळाचेच पाणी असल्यामुळे या बदलांनी सामूचा धक्का बसण्याची भीती उरलेली नाही. फक्त नवे पाणी टाकण्याआधी बादलीतच क्लोरीननाशक मिसळा आणि तापमान टाकीच्या एक-दोन अंशांत आणा. नायट्राइट दिसू लागल्यावर 10 लिटरला 1 ग्रॅम या प्रमाणात साधे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून टाका. मिठातला क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. तुमच्या 100 लिटरला 10 ग्रॅम पुरते, कॉरींनाही एवढे सोसते, आणि पाणी बदलताना जेवढे पाणी काढले तेवढ्याच हिशेबाने मीठ पुन्हा टाकायचे. एखाद्या ओळखीच्या, निरोगी टाकीतला वापरात असलेला स्पंज मिळाला तर तो ओलाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. यामुळे आठवडे वाचतात. बाटलीतल्या जिवाणूंवर माझा तेवढा भर नाही. काही उपयोगी पडतात, काही नाही, आणि रोजची मोजणी त्यांनी टळत नाही. तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड चिमूटभर खाणे द्या.

धुताना खडीच्या खालचा काळा थर ढवळला गेला असेल आणि त्या वेळी सडक्या अंड्यासारखा वास आला असेल, तर हायड्रोजन सल्फाइडचाही त्या रात्री हातभार लागला असेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले तर घाबरून पुन्हा सगळे पाणी काढू नका. ते जिवाणूंचे ढग असतात, ऑक्सिजन खातात, म्हणून हवा चालू ठेवायची एवढेच. ते आपोआप निवळतात.

तुमच्यासारखीच अवस्था असलेल्या, पण सफाई न केलेल्या टाकीत मासे एका रात्रीत मेले असते तर मी वेगळीकडे पाहिले असते. खोलीत कीटकनाशक फवारले होते का, हा मी विचारत असलेला पहिला प्रश्न. डास-झुरळांच्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्ये माशांना आणि कोळंबीला अतिशय घातक असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडत असतो. कोळंबी आधी गेली आणि मासे नंतर, असा क्रम असेल तर संशय कीटकनाशकावर किंवा तांबे असलेल्या औषधावर जातो. सर्वांत मोठे मासे आधी, पहाटेच्या सुमारास मेले असतील तर ऑक्सिजन. दाट झाडांच्या टाकीत रात्री झाडेही ऑक्सिजन वापरतात आणि उजाडण्यापूर्वी तो सर्वांत कमी असतो. उष्णतेने हे आणखी बिकट होते, कारण 25 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो तर 30 अंशांना साडेसात. म्हणून थर्मोस्टॅट अडकून सतत तापत राहिलेला हीटर दोन बाजूंनी मारतो, आणि तापमान बोटाने न बघता थर्मामीटरने बघावे हा माझा आग्रह त्यासाठीच असतो. वीज काही तास गेली असेल आणि फिल्टर बंद डब्याचा असेल, तर आतले जिवाणू ऑक्सिजनविना मरतात. वीज आल्यावर ते कुजके पाणी तसेच टाकीत सोडू नये. डबा उघडून पाणी ओतून द्यावे, आतला मीडिया, म्हणजे गाळणीचे साहित्य, टाकीच्या पाण्यात खळबळावा आणि मगच फिल्टर चालू करावा.

औषधाची वेळ कधी येते, हेही सांगायला हवे, कारण रोग नसतातच असे नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणि अंग घासणे ही पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीची खूण आहे. औषध त्याच्या पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेवरच चालते, त्यामुळे ठिपके नाहीसे झाल्यावरही ते बाटलीवर दिलेले दिवस पूर्ण करावे लागते. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असे असेल तर कॉलम्नारिस या जिवाणूचा विचार करावा. तो उष्ण पाण्यात अधिक झपाट्याने पसरतो, म्हणून पांढऱ्या ठिपक्यांसाठी तापमान वाढवण्याचा परिचित उपाय इथे घात करतो. दोन्ही गोष्टी जिवंत माशावर बघायच्या आहेत. मेलेल्या माशाचे कल्ले काही वेळात फिके पडतात, डोळे पांढरट होतात आणि सोबतचे मासे त्याचे पर कुरतडतात; सकाळी सापडलेल्या माशावरून काढलेली अनुमाने म्हणूनच फसतात. अगदी ताजा मेलेला मासा तज्ज्ञाला दाखवायचा असेल तर पिशवीत घालून बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवावा, गोठवू नये, आणि टाकीचे पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत सोबत द्यावे. मेलेले मासे दिसताक्षणी काढा, नदी-नाल्यात टाकू नका. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि पाइपने पाणी काढताना तोंडाने ओढू नका, कारण माशांच्या क्षयाशी संबंधित एक जिवाणू माणसाच्या त्वचेतही चिवट गाठी निर्माण करतो.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग दोन आठवडे शून्य आले, तेही मासे रोज खात असताना, तर तुमची टाकी पुन्हा स्थिरावली असे समजा. तिथून पुढे दर आठवड्याला 20 ते 25 टक्के पाणी बदला. स्पंज तेव्हाच धुवा जेव्हा धार मंदावते, आणि काढलेल्या टाकीच्या पाण्यातच, दोन-तीनदा दाबून. तो नवा दिसण्याची गरज नाही. खडीचा एका वेळी एकच भाग उपसा आणि स्पंज व खडी एकाच दिवशी हाताळू नका. महिन्यातून एकदा कार्बोनेट क्षारता मोजा. ती नळाच्या पाण्याच्या निम्म्याखाली आली तर पाणी बदलणे कमी पडते आहे. कधी आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे टाकीकडे काही महिने दुर्लक्ष झाले, तर परत आल्यावर एकदम मोठा बदल न करता रोज दहा टक्के याप्रमाणे दहा-बारा दिवसांत तिला नळाच्या पाण्याजवळ आणा.

एंजलची जागा भरण्याची घाई करू नका. आधी टेट्रांचा लहान गट आणा, शक्य असेल तर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, आणि पुढचा गट दोन-तीन आठवड्यांनी. दुरून आणलेल्या पिशवीत हाच अमोनियाचा हिशेब छोट्या प्रमाणात चालू असतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया सौम्य राहतो. पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसले की वायू निघून जातो, सामू चढतो आणि मासा त्याच पाण्यात भाजतो. पिशवी बंद असतानाच वीस-पंचवीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडून लगेच मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, आणि पिशवीतले पाणी टाकीत न ओतता फेकून द्या.